मल्चिंग पेपर मातीच्या हवाली

उत्साही: टोमॅटोचा हंगाम संपला की शेतात काय उरतं हे नारायणगावपासून नाशिकपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बांबू आणि तारा निघतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात, पण गादीवाफ्यावरचा मल्चिंग पेपर काढायला कोणाला उसंत नसते. २५ मायक्रॉनचं ते पॉलिथिन चार-पाच महिने उन्हात तापलेलं असतं, लव्हाळ्याने जागोजागी भोसकलेलं असतं. ओढलं की फाटतं. मातीत दाबलेल्या कडा तिथेच राहतात. जो पेपर निघतो त्याला माती आणि मुळं इतकी चिकटलेली असतात की भंगारवाला हात लावत नाही. मग बांधावर ढीग करायचा आणि काडी लावायची, उरलेलं रोटाव्हेटरखाली. याला इलाज नाही असं धरून आपण वर्षानुवर्षं चाललो आहोत. माझ्या मते इलाज आहे. जिवाणू आणि बुरशा खाऊ शकतील असा पेपर वापरायचा, पीक निघाल्यावर तो तसाच नांगरायचा, आणि मातीतल्या जीवांना ते काम लवकर उरकता यावं म्हणून त्यांना मदत करायची.

साशंक: दुखणं तुम्ही बरोबर सांगितलंत. त्याला आकड्यांची जोड देतो. २५ मायक्रॉनच्या पेपरने शेताचा ६० टक्के भाग झाकला तर हेक्टरी साधारण १४० किलो पॉलिथिन अंथरलं जातं. त्यातलं १० टक्के जरी दर हंगामात मातीत राहिलं, तरी १० हंगामांत एक अख्खा पेपर मातीत मिसळलेला असतो. जगाचा हिशेब अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये मांडला: शेती आणि पशुपालनात २०१९ साली १ कोटी २५ लाख टन प्लास्टिक वापरलं गेलं.

माझी अडचण पुढे सुरू होते. ‘पेपर वापरा, पुढचं माती बघून घेईल’ हे आश्वासन मला ओळखीचं वाटतं. चीनमध्ये हा पेपर १९७० च्या दशकाच्या शेवटी आला. पाणी वाचलं, उत्पन्न वाढलं, शिंजियांगचा कापूस त्यावर उभा राहिला. खर्च कमी व्हावा म्हणून पेपर ८ मायक्रॉनपर्यंत आणि त्याहूनही पातळ झाला. पातळ पेपर उचलता येत नाही, म्हणून तो मातीत साठत गेला. अखेर २०१८ मध्ये किमान जाडी १० मायक्रॉन ठरवावी लागली. मधल्या चाळीस वर्षांत कोणी माती मोजत नव्हतं असं नाही, पण पीक चांगलं येत होतं. मग ‘विघटनशील’ म्हणून ऑक्सो प्लास्टिक विकलं गेलं. तेही विरतं असंच सांगत होते.

उत्साही: ऑक्सोची बाजू मी घेणार नाही. साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ते उन्हात लवकर ठिसूळ व्हावं एवढीच ती युक्ती होती. त्यातून भुगा होतो, अन्न होत नाही. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून ते बंद केलं ते योग्यच झालं.

मी ज्याबद्दल बोलते आहे ते रसायन वेगळं आहे. पॉलिथिनची साखळी म्हणजे कार्बनला जोडलेला कार्बन, त्याला आणखी कार्बन, अशा हजारो कड्या. जिवाणूंच्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना, तिच्यात पकडायला जागाच नाही. मल्चिंगसाठी वापरतात त्या पीबीएटी नावाच्या विघटनशील प्लास्टिकमध्ये मात्र ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात, आणि एस्टर बंध तोडणं हे मातीचं फार जुनं काम आहे. पानावर जो मेणचट पापुद्रा असतो त्याचा सांगाडा क्यूटिनचा असतो, आणि क्यूटिन हे निसर्गाने बनवलेलं पॉलिएस्टरच आहे. झाडं जमिनीवर आली तेव्हापासून पाला गळतो आहे आणि बुरशा क्यूटिनेज सोडून तो कुजवत आहेत. पीबीएटीवर हीच जुनी विकरं चालतात. पेशीबाहेर सोडलेलं विकर पेपरच्या पृष्ठभागावर बसतं आणि साखळी कापतं. सुटलेले छोटे तुकडे, म्हणजे ॲडिपिक आम्ल, ब्यूटेनडायॉल, टेरेफ्थॅलिक आम्ल, पाण्यातून पेशीत जातात. तिथे त्यातला काही भाग जाळून ऊर्जा मिळते, काही भागातून नव्या पेशी बनतात.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २०१८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पीबीएटीच्या तिन्ही घटकांमध्ये पाळीपाळीने कार्बन-१३ घालून त्या कार्बनवर खूण केली आणि असे तुकडे मातीत ठेवले. सहा आठवड्यांत तो खुणेचा कार्बन मातीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला, आणि पेपरवर वाढलेल्या बुरशीच्या तंतूंच्या आतही सापडला. भुगा होणं वेगळं आणि खाल्लं जाणं वेगळं. त्या प्रयोगात खाल्लं गेल्याचा पुरावा मिळाला.

साशंक: तो प्रयोग मलाही महत्त्वाचा वाटतो. पण तो काय सांगतो? पीबीएटीतला प्रत्येक घटक मातीतले जीव खाऊ शकतात. सगळं प्लास्टिक खाऊन संपलं असं तो सांगत नाही. सहा आठवड्यांत थोडाच भाग गेला होता. आणि ते घडलं प्रयोगशाळेत, जिथे ओलावा आणि तापमान राखलेलं होतं.

मानकंही तशीच आहेत. मातीत विघटन होणाऱ्या मल्चिंग पेपरसाठी युरोपात २०१८ पासून ईएन १७०३३ हे मानक आहे. त्यातली मुख्य अट अशी: मातीत, २० ते २८ अंश तापमानात, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. अट कडक आहे हे मी मान्य करतो. उरलेल्या १० टक्क्यांतला बराच भाग जिवाणूंच्या शरीरात गेलेला असतो, म्हणून शंभराचा आग्रह धरत नाहीत, हेही मला कळतं. पण आपल्याकडे बाजारात जे ‘कंपोस्टेबल’ प्रमाणपत्र दाखवतात ते बहुतेक वेळा कंपोस्टिंगच्या कारखान्यासाठीचं असतं. तिथे चाचणी ५८ अंशांना होते. पीएलए नावाचं मक्याच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक त्या उष्णतेत मऊ पडतं आणि पटकन तुटतं. शेतातल्या मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. शेतकऱ्याला दोन्ही पेपर सारखेच दिसतात, दोन्हींवर हिरवं पान छापलेलं असतं.

उत्साही: प्रमाणपत्राचा गोंधळ खरा आहे, तो दूर करायलाच हवा. तापमानाचा मुद्दा मात्र आपल्या बाजूने आहे. अमेरिकेत एकाच प्रकारचे विघटनशील पेपर दोन ठिकाणी मातीत पुरून तीन वर्षं पाहिले गेले: वायव्येच्या थंड किनाऱ्याजवळ माउंट व्हर्ननला आणि आग्नेयेच्या उबदार भागात नॉक्सव्हिलला. उबदार जागी ते जास्त गेले. आपली माती नॉक्सव्हिलपेक्षाही गरम.

साशंक: आणि त्याच प्रयोगात तीन वर्षांनीही दोन्हीकडे तुकडे शिल्लक होते. ते तुम्ही गाळलंत.

शिवाय नुसत्या उष्णतेने काही होत नाही. वाफसा नसलेल्या जमिनीत सूक्ष्मजीव जवळजवळ थांबतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. रब्बी निघाली की फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वरची माती कोरडी ठणठणीत असते. एप्रिल-मेमध्ये तिचा वरचा थर इतका तापतो की हात ठेववत नाही. सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. जमीन भेगाळते, आणि पेपरचे तुकडे त्या भेगांतून दोन-दोन फूट खाली जातात, जिथे सूक्ष्मजीव आधीच विरळ आणि हवाही कमी. युरोपातल्या प्रयोगशाळेतली ओलसर, २५ अंशांची माती या जमिनीत वर्षातले किती महिने भेटते?

आणखी एक गोष्ट रसायनाची. पीबीएटीवर कडक ऊन पडलं की काही साखळ्या तुटतात, पण काही एकमेकींना आडव्या जोडल्याही जातात, आणि अशा जोडलेल्या जाळ्यात विकराला शिरणं कठीण होतं. म्हणजे ऊन पेपरला ठिसूळ करतं आणि त्याच वेळी खायला अवघडही करतं. पेपर काळा असेल तर त्यातला कार्बन ब्लॅक ऊन अडवतो, एवढी त्यात सवलत. तो कार्बन ब्लॅक मात्र पेपर गेल्यावरही मातीतच राहतो.

उत्साही: तुम्ही जे सांगताय त्यातूनच माझा पुढचा मुद्दा निघतो. माती कोरडी, कर्ब कमी, सूक्ष्मजीव विरळ. म्हणून तर मदत करायची. आणि अशी मदत करणं आपल्या शेतकऱ्याला परकं नाही. उसाचं पाचट आठवा. एक हेक्टरमधून आठ-दहा टन पाचट निघतं. पूर्वी ते सर्रास पेटवून देत. आता कृषी विद्यापीठांची शिफारस काय आहे? खोडव्यात पाचट सरीत दाबा, आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. युरिया का? कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. कुजवणाऱ्या जीवांना शरीर बांधायला नत्र लागतं आणि ते वरून दिलं नाही तर ते पिकाच्या तोंडचं ओढतात. पेपरमध्ये तर नत्र अजिबातच नाही. तिथेही हाच विचार लावायचा.

त्याचा हिशेबही छोटा आहे. १५ मायक्रॉनचा पीबीएटीचा पेपर ६० टक्के भागावर अंथरला तर हेक्टरी ११० किलोच्या आसपास वजन भरतं. त्यात कर्ब साधारण ७० किलो. त्यातला ४० टक्के कर्ब सूक्ष्मजीवांच्या शरीरात गेला असं धरलं तरी त्यांना लागणारं नत्र तीन-साडेतीन किलो. एवढं नत्र एका टन पाचटाबरोबर आपण आत्ताही देतो. पेपर नांगरताना शेणखत टाकलं, एक पाणी दिलं, त्यावर हिरवळीचं खत घेतलं, तर तुमच्या कोरड्या मातीचं उत्तर बरंचसं मिळालं.

याहून पुढचं काम जपानमध्ये झालं आहे. तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पिकांच्या पानांवर राहणारे यीस्ट तपासले आणि त्यातलं एक विघटनशील प्लास्टिक झपाट्याने खातं हे २०११ मध्ये दाखवलं. जागा बघा: पानाचा पृष्ठभाग, जिथे क्यूटिनशीच गाठ असते. पुढे त्यांनी त्या यीस्टचं विकर मोठ्या प्रमाणावर काढलं आणि शेतात अंथरलेल्या पेपरवर फवारलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशीच पेपर कमजोर झालेला होता, आणि नांगरल्यावर मातीत सापडलेले तुकडे न फवारलेल्या पेपरपेक्षा लहान होते, त्यांचं एकूण वजनही कमी होतं. पीक उभं असताना पेपर मजबूत हवा आणि पीक निघताच दुबळा हवा, या दोन उलट मागण्यांमध्ये पेपर बनवणारे आजवर अडकलेले होते. विकर बाहेरून, हवं तेव्हा द्यायचं ठरलं तर ती कोंडी फुटते.

साशंक: कल्पना सुंदर आहे. पण क्यूटिनेजचा सगळा इतिहास सांगितला नाहीत. पाला कुजवणाऱ्या बुरशांकडे ते आहे, तसंच जिवंत पानावर चढाई करणाऱ्या बुरशांकडेही आहे. पानाचं आवरण फोडून आत शिरायचं तर हेच हत्यार लागतं. मर रोगाची फ्युजेरियम घ्या. तिच्या काही जाती विघटनशील पॉलिएस्टर चांगलं तोडतात म्हणून प्रयोगशाळांमध्ये अभ्यासल्या गेल्या आहेत. टोमॅटो, केळी, हरभरा, डाळिंब करणाऱ्या माणसाला फ्युजेरियमचं नाव ऐकून काय वाटतं हे तुम्हाला सांगायला नको. हंगामामागून हंगाम तुम्ही मातीला एक असं खाद्य देणार, ज्यावर क्यूटिनेज सोडणारे जीव पोसले जातात. त्यातून कोणाची संख्या वाढेल, पालेकुजव्यांची की रोगकारकांची? हा प्रश्न तुम्ही टाळू शकत नाही. आणि जपानच्या त्याच गटाने असंही दाखवलं आहे की त्या यीस्टचं विकर लागलेल्या पानांचं आवरण बिघडतं आणि पानाला पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणजे शेजारच्या वाफ्यात मिरची उभी असेल तर फवारा कसा मारायचा?

दुसरं, बाटलीतल्या जिवाणूंवर माझा विश्वास कमी आहे. बाहेरून सोडलेला जीव मातीत टिकणं फार अवघड असतं. तिथे आधीच प्रत्येक जागा कोणीतरी धरून बसलेलं असतं. पाचटाच्या बाबतीतही किती काम त्या एक किलो जिवाणूंनी केलं आणि किती ओलावा, युरिया आणि मातीतल्याच जीवांनी केलं, हे शेतात वेगळं करून दाखवता येत नाही. उद्या ‘प्लास्टिक खाणारे जिवाणू’ म्हणून दुकानात बाटल्या येतील. लोक त्या साध्या पॉलिथिनवरही ओततील, आणि पॉलिथिन तिथेच राहील. ज्याच्या शेतात नीट उचललेला पेपर होता तोही मग बाटलीच्या भरवशावर पेपर नांगरू लागेल. ही भीती मला सगळ्यात मोठी वाटते.

उत्साही: बाटलीबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पीबीएटी खाणारे जीव बहुतेक मातींमध्ये आधीपासून असतातच, त्यांना बाहेरून आणण्यापेक्षा आहेत त्यांना पोसणं शहाणपणाचं, हे मलाही पटतं. म्हणूनच जपानचा मार्ग मला जास्त आवडतो. तिथे जिवंत जीव सोडत नाहीत, फक्त विकर देतात. ते आपलं काम करतं आणि काही काळाने इतर प्रथिनांसारखं स्वतःही कुजून जातं. फवारा पीक काढल्यावर मारायचा. शेजारी उभं पीक असेल तर नाही मारायचा. हा नियम तणनाशकाबाबत शेतकरी आजही पाळतो.

फ्युजेरियमची शंका गंभीर आहे. पण ती पॉलिथिनलाही लावा. पॉलिथिनच्या तुकड्यांभोवतीही सूक्ष्मजीवांची वेगळी वस्ती होते, आणि तो तुकडा तर कधीच जात नाही.

साशंक: मग एक निष्कर्ष ऐका, तो तुमच्या पेपरविरुद्धच आहे. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या विद्यापीठात गव्हावर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीत एकदा पॉलिथिनचे तुकडे मिसळले, एकदा पिष्टमय विघटनशील पेपरचे. गव्हाच्या वाढीला जास्त फटका बसला तो विघटनशील तुकड्यांनी. जो टिकून राहतो त्याच्यापेक्षा जो विरतो तो पिकाला जास्त नडला. विरता विरता त्यातून काय सुटतं, कोणते जीव एकदम वाढतात, मुळांभोवती काय बदलतं, हे पिकासाठी निरुपद्रवी असतं असं आपण गृहीत धरलेलं होतं.

उत्साही: त्या प्रयोगातलं प्रमाण बघा. मातीच्या वजनाच्या १ टक्का प्लास्टिक मिसळलं होतं. एक हेक्टरची वरची २० सेंटिमीटर माती सुमारे २,६०० टन भरते. तिचा १ टक्का म्हणजे २६ टन. आपला पेपर हेक्टरी ११० किलो. दोनशेहून जास्त हंगामांचा पेपर एकाच दिवशी टाकल्यासारखं ते झालं. इतक्या मात्रेत पुष्कळ निरुपद्रवी गोष्टीही पिकाला नडतील. आणि त्याच प्रयोगात गांडुळं सोडलेल्या कुंड्यांमध्ये गहू सावरलेला दिसला, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. मातीतले जीव मदत करतात या माझ्या म्हणण्याला तो आधारच आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठी बिळं करणारी गांडुळं विघटनशील पेपरचे तुकडे बिळात ओढून नेताना दिसली. बिळाच्या भिंतींवर ओलावा असतो, विष्ठा असते, जिवाणूंची गर्दी असते. कुजण्यासाठी त्याहून चांगली जागा मातीत दुसरी नाही.

साशंक: ओढून नेणं म्हणजे खाणं नव्हे, आणि खोल नेलेला तुकडा दिसेनासा होतो एवढं नक्की. गांडुळांबद्दल आणखी एक सांगतो, कारण उद्या कोणीतरी गांडुळखताच्या बेडमधली गांडुळं शेतात सोडा असं सुचवेल. ती आयसेनिया फेटिडा शेण-पाल्याच्या ढिगात राहणारी आहे. उघड्या शेतातल्या, कमी कर्बाच्या जमिनीत ती टिकत नाही. शेतात बिळं करतात ती आपली देशी गांडुळं, आणि ती आणून सोडता येत नाहीत. नांगरट कमी केली, पालापाचोळा ठेवला, कीटकनाशकं आवरली, तर ती स्वतःहून येतात.

मात्रेचा तुमचा आक्षेप मी स्वीकारतो. २६ टनांवरून एका हंगामाचा निवाडा करता येत नाही. पण एका हंगामाचा विचार करून तरी काय उपयोग? मल्चिंग दर वर्षी होतं. हेक्टरी १०० किलो पेपर दर वर्षी नांगरला असं धरा. मानकाच्या वेगाने, म्हणजे दोन वर्षांत ९० टक्के या वेगाने, वर्षाअखेर त्यातले ३२ किलो उरतात. पुढच्या वर्षी त्यावर नवे १००. असं करत करत, नवा पेपर घालण्याआधीचा साठा ४६ किलोच्या आसपास स्थिरावतो. आता आपल्या कोरड्या मातीत तोच वेग निम्मा झाला, ९० टक्के जायला चार वर्षं लागली, तर साठा १३० किलोजवळ पोचतो. म्हणजे विघटनशील पेपर वापरणाऱ्याच्या मातीत कायम एका हंगामापेक्षा जास्त पेपर अर्धवट कुजलेल्या अवस्थेत राहणार. वेग निम्मा झाला आणि साठा जवळजवळ तिप्पट. पेपर तोच, कारखाना तोच, प्रमाणपत्र तेच.

उत्साही: पण तुमच्याच हिशेबात साठा कुठेतरी थांबतो! पॉलिथिनचा थांबत नाही. दर हंगामाचे ते १४ किलो एकावर एक चढतच जातात. तुमची नातवंडं तेच शेत करतील तेव्हाही ते तिथेच असतील. तुमच्या हिशेबात सगळ्यात वाईट परिस्थितीतही शेतकऱ्याने पेपर वापरणं बंद केलं की काही वर्षांत माती मोकळी होते. चूक सुधारता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

साशंक: ती मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं तेच आहे. तरी दोन गोष्टी त्यात दडलेल्या आहेत. पॉलिथिनचे ते १४ किलो निष्काळजीपणाचे आहेत. पेपर ३० मायक्रॉनहून जाड घेतला आणि उचलण्याची मजुरी कोणीतरी भरली तर ते दोन-तीन किलोंवर येतील. तुमचे १०० किलो मात्र आपण मुद्दाम टाकणार. दुसरी गोष्ट अशी की तुमचा साठा थांबणं मातीच्या जिवंतपणावर अवलंबून आहे. ज्याच्या जमिनीत कर्ब आहे, पाणी आहे, गांडूळ आहे, त्याच्या शेतात पेपर जाईल. ज्याची जमीन आधीच खंगलेली आहे, त्याच्या शेतात साठेल. आणि मल्चिंगची गरज पाण्याची ओढ असलेल्या त्या दुसऱ्या शेतकऱ्यालाच जास्त आहे. पेपरची किंमत पॉलिथिनच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे पैसेही त्याने जास्त मोजायचे.

मला पाचटाचं आच्छादन जास्त पटतं. गव्हाचा भुसा, भाताचा पेंढा, पाचट, जे ज्याच्याकडे असेल ते. त्याने ओल टिकते, तण दबतं आणि कुजून कर्ब वाढतो.

उत्साही: जिथे जमतं तिथे जरूर. पण टरबुजाच्या दहा एकरांना पुरेल इतका पेंढा आणायचा कुठून? तो जनावरांचा चारा आहे. चंदेरी पेपरच्या परावर्तनाने फुलकिडे आणि पांढरी माशी दूर राहतात, फवारण्या वाचतात. पेंढ्याने ते होत नाही. मी सुरुवात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपासून करीन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड, एप्रिल-मेपर्यंत फळ. पीक संपलं की पेपर नांगरा. लगेच जूनमध्ये पाऊस, पाच हजार मिलिमीटरहून अधिक. चार महिने माती ओली, उबदार आणि मोकळी. विघटनाला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

साशंक: आणि याहून वाईट उतारही मिळणार नाही. तो पाऊस डोंगरावर पडतो. नांगरलेल्या जांभ्या मातीबरोबर पेपरचे हलके तुकडेही वाहतात, आणि महाबळेश्वरात कृष्णा, वेण्णा, कोयना उगम पावतात. मातीत विरणारा पेपर थंड वाहत्या पाण्यात, धरणाच्या तळाच्या गाळात त्याच वेगाने विरेल असं मातीच्या चाचणीवरून म्हणता येत नाही. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत केंद्र सरकारने जैवविघटनशील प्लास्टिकने सूक्ष्मप्लास्टिक मागे ठेवू नये अशी अट घातली आहे. ती अट त्या उतारावर कोण तपासणार?

उत्साही: मग सपाट जागा निवडू. पाण्याची सोय असलेली, कर्ब बरा असलेली. बारामती, जुन्नर, नाशिकच्या बागायती पट्ट्यात अशी शेतं आहेत. कृषी विज्ञान केंद्रांनी जाळीच्या पिशव्यांत पेपरचे तुकडे पुरावेत, सहा-सहा महिन्यांनी काढावेत, शेजारी शेणखत घातलेला आणि न घातलेला असे दोन वाफे ठेवावेत. काही हंगामांत आपल्या मातीचे आकडे हाती येतील. मला खात्री आहे की ते युरोपच्या आकड्यांपेक्षा वाईट नसतील.

साशंक: जाळीच्या पिशवीतून बारीक भुगा बाहेर पडतो आणि पिशवी हलकी होते. त्याला विघटन म्हणता येत नाही. त्या पिशव्यांबरोबर निदान काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड मोजा आणि पेपरच्या रेणूंचा मातीतला शोध घ्या. उन्हात पूर्ण हंगाम काढलेला पेपर पुरा, गुंडाळीतून नवा काढलेला नको. काळ्या भेगाळ जमिनीतही पुरा, जिथे निकाल तुम्हाला आवडणार नाही तिथेही. फ्युजेरियमची मोजणी करा. इतकं केलंत तर मी तुमच्याबरोबर आहे. आकडे चांगले येतील अशी तुमच्याइतकी खात्री मला नाही.

उत्साही: आकडे येईपर्यंत बांधावरचा धूर चालूच राहील, हे विसरू नका. वाट बघण्यालाही किंमत आहे, आणि ती आजच्या घडीला माती आणि मजूर बायका मोजत आहेत. मी माझ्या ओळखीच्या बागायतदारांना एखाद्या एकरावर हा पेपर घ्यायला सांगणार आहे, ओलाव्याची आणि शेणखताची तजवीज करून.

साशंक: सांगा, पण त्यांना एक गोष्ट करायला लावा. दुकानदाराकडे पेपरच्या चाचणीचा कागद मागायचा आणि तो वाचायचा: चाचणी मातीत झाली की कंपोस्टमध्ये, किती तापमानाला, किती दिवस. कागदावर ५८ अंश लिहिलेलं असेल तर तो पेपर नांगराखाली घालायचा नाही, पॉलिथिनसारखाच उचलून गोळा करायचा. आणि कागद मिळाला नाही, तर पेपर घ्यायचाच नाही.